गुरुवारचा ट्रक

आधी ट्रक काढू नका.
आधी त्याच्या मागचं आभाळ भिजवा,
कागदाच्या काठापासून मडगार्डच्या वळणापर्यंत,
आणि तिथे थांबा.
थांबणं हा या वर्गातला पहिला धडा,
सगळ्यांत जास्त नापास इथेच होतात.

सात जण आलेत. हॉलच्या भिंतीपलीकडे
आइस हॉकीची पोरं फळ्यांवर आदळतात,
दर धडकेला पाण्याच्या बरण्यांत वर्तुळं उठतात.
बाहेर उणे एकतीस. सस्कॅचेवानचा मार्च.
गाड्यांच्या नाकांतून निघालेल्या वायरी
भिंतीतल्या प्लगांत गेल्यात,
दावणीला बांधल्यागत उभ्या आहेत सगळ्या.

टेबलावर फोटो: पेनरांच्या शेताकडेचा धान्याचा ट्रक,
कॅरागानाच्या झुडपांत तेवीस वर्षं.
एक दिवा फुटलेला. लाकडी हौद्याची एक फळी
कुणीतरी खुराड्यासाठी काढून नेलेली.

लाल घेऊ नका, मी म्हणते.
लाल होता तो. आता विटेचा आहे,
चहाच्या चोथ्याचा आहे,
बॉनेटवर मांजर बसतं तिथे जवळपास गुलाबी.
भाजका तपकिरी घ्या, त्यात निळ्याचा एक थेंब,
ब्रश फडक्याला पुसा, आडवा धरा, नुसता ओढा.
कागदाचे उंचवटे रंग घेतात, खळगे घेत नाहीत.
झाला गंज.
तेवीस वर्षांचं काम दोन फटकाऱ्यांत.

ल्युडमिला होलोवाच हसते. तिनं हिरवा कालवलाय.
"आमचा हिरवा होता," म्हणते, फोटोकडे न बघता.

पांढऱ्याची ट्यूब पेटीत आहे, ती विसरा.
दिव्याची काच, आरशाची कड,
आई साय काढून ठेवायची तसं
सगळ्याच्या आधी बाजूला काढायचं.
मागून आठवलं तर उपयोग नाही.

कॉर्नेलियस पेनर अजून पेन्सिलीवरच.
चाळीस वर्षं इंजिनं खोलली त्यानं,
त्याला ट्रक दिसत नाही, नट दिसतात.
चाकाचे सहाही बोल्ट काढलेत,
एकाचे आटे गेलेत, तेसुद्धा.
जाळीच्या पट्ट्या मोजून अकरा.
आणि फोटोत न दिसणारी ऑइलची पट्टी,
कारण ती तिथे आहे.
मी म्हणते, डोळे किलकिले करा,
बारीकसारीक जाऊ द्या.
तो म्हणतो, बारीकसारीक जाऊ दिलं असतं
तर हा मॅनिटोबाच्या हद्दीपर्यंतही गेला नसता.

यावर माझ्याकडे धडा नाही.

आठ वाजता तो ब्रश उचलतो. एकदम.
विहिरीतून ओढल्यासारखं पाणी घेऊन.
लाल (घेतलाच त्यानं लाल) केबिनमधून उतरतो,
दाराची रेघ ओलांडतो, गवतात शिरतो,
इंजिनखाली साचतो,
कडेनं फुलकोबीसारखा फुलत जातो.
खुर्च्या थांबतात. मी टिशू शोधते.

"हात लावू नका."
त्याचं बोट त्या डागावर, न टेकता.
"नेमकं इथेच गळायचं. ऑइल. मागचं सील.
बाबांनी सुतळी कोंबली, मी तीन सीलं बदलली,
तरी सकाळी पुन्हा, याच जागी, बशीएवढं."
मग मान वर करून मलाच विचारतो,
तुम्हाला कसं कळलं?
जणू पाण्याला मीच शिकवून पाठवलं होतं.

कोपऱ्यात सही करा म्हटलं,
तर त्यानं नावाऐवजी मैल लिहिले,
शेवटच्या आकड्यापर्यंत.
फुटलेल्या दिव्याची जागा कोरी राहिली होती.
विसरला की ऐकलं होतं, विचारलं नाही.

नऊला हॉलचे दिवे गेले. बाहेर एकेकानं
आपापल्या गाडीचं दावं सोडलं.
ल्युडमिलाचा हिरवा अजून ओला होता,
काठोकाठ भरलेल्या सूपच्या ताटलीसारखा
दोन्ही हातांवर आडवा धरून
ती बर्फावरून चालत गेली, पाय न उचलता.